डाव्या पाट्याचा खटका

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून वही लिहायची. ही म्हणाली, "तुमच्या भावाचं तेच तेच ऐकून मी दमले. जे म्हणायचं ते वहीत लिहा आणि मला सुखानं जेवू द्या." तेवढ्यासाठी नवी वही कोण घेतो. डिलिव्हरीच्या जुन्या पावत्यांची मागची बाजू कोरी आहे, तीच चालेल.

पावत्या कसल्या, तर वॉशबेसिन आणि कमोडच्या. माझा धंदाच तो. दुकानाच्या गोदामातून माल उचलायचा, पिकअपमध्ये गवत घालून नीट बसवायचा आणि लोकांच्या घरी एकही तडा न जाता पोचवायचा. लोक हसतात. ज्याच्या घरी कमोड वेळेवर पोचत नाही तो हसत नाही.

गेला आठवडाभर पिकअपच्या पुढच्या बाजूने आवाज येतोय. प्रत्येक गतिरोधकावर खट्. एकदाच, पण असा की दर वेळी उतरून मी मागची बेसिनं तपासतो.

सकाळी चहा पिताना बाबांना सांगितलं. बाबांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. आठ वर्षांपूर्वी विकलं, तेव्हापासून माझ्याकडेच असतात. त्यांच्या उजव्या हाताला बसून मी सगळं नीट सांगितलं, आवाज कधी येतो, कसा येतो. ते पावाला लोणी लावत राहिले. हो नाही, काही नाही.

दहा मिनिटांनी धाकटा जिन्यावरून खाली आला. हा माझा भाऊ. चौदा वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढून नोव्हेंबरात परत आला, आता म्हणे कायमचा. वरच्या खोलीत राहतो. बाबांच्या समोर बसला आणि म्हणाला, "बाबा, दादाची गाडी पुढून वाजतेय." लगेच बाबांनी सुरी खाली ठेवली. कधीपासून? वळताना की खड्ड्यात? भरलेली असताना की रिकामी? चार प्रश्न. गाडी माझी, आवाज माझा आणि उत्तरं धाकटा देतोय.

माझा चहा गार झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस अंगणात गाडी लावून स्वतःच शॉकॲब्सॉर्बर बदलले, दोन्ही. जुने गळत होते, म्हणजे काम फुकट गेलं नाही. पण आवाज आहे तिथेच आहे.

मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा बाबा समोर उभे. मी काय काय केलं ते सांगायला लागलो. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते, कपाळाला आठ्या घालून. मला वाटलं, आता काही तरी कामाचं बोलतील. तर म्हणाले, "ती मिशी काप की एकदा."

बस्स. आणि आत निघून गेले.

ही मिशी मी सत्तावीस वर्षं राखली आहे. दाट, खाली वळलेली, ओठ झाकून टाकणारी. बाजारात मला "मिशीवाला" म्हणूनच ओळखतात. बाबांना इतकी वर्षं तिचं काही वाटलं नाही. ह्या तीन महिन्यांतच ती खुपायला लागली. का, तर धाकटा रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून खाली येतो. आता थोरल्यानेही तसंच दिसावं असं त्यांना वाटत असणार.

हिला सांगितलं तर म्हणाली, "मलाही निम्मं बोलणं कळत नाही तुमचं. मिशीतच राहतं." हीसुद्धा तिकडचीच.

८ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी चालवून बघायची होती. मी चावी घेऊन बाहेर आलो, तर बाबा आधीच आत बसलेले आणि मला हाताने सांगतायत, चावी त्याला दे. धाकट्याने चालवायची आणि मी मागे हौद्यात बसायचं. कमोडसारखं. बसलो.

मागच्या काचेतून सगळं दिसत होतं. बाबांनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय खाली पत्र्यावर टेकवले. एक तळहात डॅशबोर्डवर, डोळे मिटलेले. गतिरोधक आला की धाकटा आधी त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा, मग गाडी त्यावरून न्यायचा. बाबा मान हलवायचे. तीन चकरा झाल्या. मीही मागून सांगत होतो, डावीकडून येतोय, डावीकडून. मला कोण विचारतो.

परत आल्यावर बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर मागवला. ह्याच स्क्रूड्रायव्हरने त्यांनी मला आवाज ऐकायला शिकवलं होतं. मी दहा वर्षांचा होतो. टोक लोखंडावर ठेवायचं आणि मूठ कानाला लावायची, की गाडीच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. धाकटा तेव्हा रांगत होता. ही एक गोष्ट फक्त माझी होती.

आज त्यांनी मूठ कानाला लावली नाही. दातांत धरली. धाकटा पुढच्या बंपरवर उभा राहून गाडी वरखाली करत होता आणि बाबा तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून एकेक सांधा तपासत होते. मग बाहेर काढला आणि म्हणाले, "डावा पाटा. पुढच्या टोकाचा बुश गेलाय."

दातांत धरायची ही पद्धत मला कधी दाखवली नाही. त्याला दाखवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणं झाल्यावर गुपचूप जाऊन मीही मूठ दातांत धरून बघितली. गाडी हलवायला कुणी नव्हतं, मग ऐकू काय येणार. नुसती ग्रीसची चव आली.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाटा, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्ट्यांच्या थरांची स्प्रिंग, उतरवला. बुश म्हणजे पाट्याच्या टोकात बसवलेली रबराची नळी. तिचा चुरा झाला होता. म्हणजे लोखंड लोखंडावर आपटत होतं आणि बाबांचं बरोबर होतं. शिवाय पाट्याच्या थरांतली एक पट्टी तडकलेली निघाली, ती नवीन आणावी लागेल. रविवारपर्यंत येईल, असं स्पेअरपार्टवाला म्हणाला.

चुरा झालेला बुश मी काढला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला, बोटांनी चाचपला आणि धाकट्याच्या तळहातावर ठेवला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी ठोकळ्यांवर आहे, दुकानाचा माल भाड्याच्या गाडीतून जातोय, त्यामुळे मला निरीक्षणाला भरपूर वेळ आहे. आजवरची निरीक्षणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी मनाने रचतो.

बाबांनी जेवणाच्या टेबलावरची जागा बदलली आहे. आठ वर्षं माझ्या शेजारी बसायचे. आता धाकट्याच्या बरोबर समोर बसतात.

धाकटा त्यांच्याशी बोलतो ते एकेक शब्द चावून, तोंड वासून, वर हातवारे करून. लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं. हे नाटक बाबांना आवडतं. खळखळून हसतात. काल मी एक खरोखरच चांगला किस्सा सांगितला, कमोडवर बसून फोटो काढून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा. बाबा ताटाकडे बघत राहिले. धाकट्याने तोच किस्सा पुन्हा सांगितला, माझ्यासमोर, तेव्हा हसले.

तिसरं, येताजाता त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवणं. एवढी सलगी बाबांशी मी आयुष्यात केली नाही. आम्ही त्यांच्या धाकात वाढलेली मुलं. हा चौदा वर्षं बाहेर राहून आला आणि लाडका झाला. गुडघे दुखतात म्हणून रोज तेल मी आणतो, दवाखान्यात मी नेतो, त्यांचा चष्मा मी शोधतो.

हिचं म्हणणं, "बाबा तुमच्याशीही बोलतील. तुम्ही ताटात बघून बोलता, नाहीतर पाठ करून बोलता. माणसाकडे बघून बोला की." मी म्हटलं, माझ्या बापाशी कसं बोलायचं ते मला शिकवू नकोस. मग ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. हेही धाकट्यामुळेच झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज मी एक गोष्ट केली. वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहितो.

नवीन पट्टी आली. पाटा चढवायचा होता. पाटा ॲक्सलवर आवळून धरायला इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले दोन बोल्ट असतात, प्रत्येकाला दोन नट. डावीकडे चार, उजवीकडे चार, असे आठ नट. हे नीट आवळले गेले नाहीत तर पुढचं चाक जागेवर राहत नाही. म्हणून बाबांचा नियम आहे. गाडी बाहेर पडण्याआधी ते स्वतः प्रत्येक नटावर छोटा हातोडा मारून आवाज ऐकतात. आवळलेला नट टण्ण वाजतो, ढिला थप्प. त्यांच्या गॅरेजातून न वाजवलेली गाडी कधी बाहेर गेली नाही.

नोव्हेंबरापासून ह्या कामातही धाकटा घुसला आहे. तो टॉर्च धरतो. बाबा उजव्या हाताने हातोडा मारतात, डाव्या हाताचं बोट नटाच्या पलीकडच्या बाजूला टेकवतात, आणि धाकटा दर वेळी अंगठा वर करतो, जणू पास नापास तो ठरवतोय.

मला एक दिवस हवा होता. बाबा, मी आणि गाडी, बस्स. म्हणून मी धाकट्याला म्हटलं, ग्रीस घट्ट झालंय, नवीन डबा आण, रविवारी फक्त नदीपलीकडचं दुकान उघडं असतं. ग्रीसचा भरलेला डबा माझ्या सीटच्या मागे होता.

तो जरा घुटमळला. बाबांकडे बघितलं. म्हणाला, "दादा, नट मी आल्यावर तपासा. तपासताना मी असलेला बरा."

मी म्हटलं, "का? तुझ्याशिवाय त्यांचा हातोडा चालत नाही?"

त्याने चपला घातल्या. गेला.

आणि मग तीन तास इतके छान गेले की काय सांगू. मी खाली, बाबा बाहेर. मी हात काढायच्या आत हवा तो पाना हातात. मागावा लागत नव्हता. एकदा त्यांनी वाकून बघितलं आणि पाट्यावरून हात फिरवला, मग माझ्या पाठीवर एक थाप मारली. मला एकदम हलकं वाटलं. मध्ये हिने जेवायला हाक मारली, जेवून आलो, उरलेलं काम केलं.

मग नट. मी हातोडा त्यांच्या हातात दिला. ते खाली बसले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "धाकटा कुठाय?" मी म्हटलं, येईल, तुम्ही वाजवा की. ते तसेच बसून राहिले. मला वाटलं उजेड कमी पडतोय. म्हणून टॉर्च त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी टॉर्चकडे बघितलं, हातोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पहिल्या नटावर हातोडा मारला आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

बाबा माझ्या तोंडाकडे बघतायत, धाकट्याच्या नाही. मला इतका आनंद झाला होता की मी मान डोलावली. दुसरा नट, पुन्हा बघितलं, पुन्हा मी मान डोलावली. आठही नट झाले. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे?" आणि मी म्हटलं, ठीक आहे.

धाकटा आला तेव्हा आम्ही हात धुऊन चहा घेत होतो. "तपासले?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "बाबांनी. एकट्यांनी." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

उद्यापासून गाडी सुरू.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी गेली. म्हणजे फार वाईट गेली नाही, पण जाऊ शकली असती.

चोवीस बेसिनं घेऊन पुलाचा उतार उतरत होतो. डावीकडून खाडकन आवाज आला, स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं डावीकडे गेलं, गाडी फुटपाथच्या कडेला घासत जाऊन थांबली. फुटपाथवर एक बाई पिशवी घेऊन उभी होती, चार पावलांवर. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तिने पिशवी खाली ठेवली आणि तिथेच बसली. मलाही तसंच बसावंसं वाटलं.

उतरून बघितलं. डावीकडच्या एका बोल्टचे दोन्ही नट गायब, पाट्याचा मधला बोल्ट तुटलेला, ॲक्सल वीतभर मागे सरकलेला. अकरा बेसिनं फुटली. माणूस एकही दगावला नाही.

दोन नट. जेवायला उठलो तेव्हा हाताने फिरवून ठेवलेले, नंतर पान्याने आवळायचे राहिलेले. माझी चूक आहे, मी नाही म्हणत नाही. पण असल्या चुकीसाठीच तर हातोडा असतो. बाबांना थप्प ऐकू आलं नाही? चाळीस वर्षं ज्या कानांच्या जोरावर गॅरेज चाललं, त्यांना?

मला कळतंय काय झालं ते. काम थोरल्याचं होतं. धाकट्याचं असतं तर दोनदोनदा वाजवलं असतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गाडी ओढून आणली. बाबा अंगणात आले, ॲक्सलकडे बघितलं, नट नसलेल्या बोल्टवर अंगठा फिरवला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले, छोटा हातोडा घेऊन आले आणि धाकट्याच्या हातात दिला. "ह्यापुढे तू," म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. थोरला मी. गॅरेजात आठ वर्षं राबलो मी. धाकट्याने हातोडा घेतला नाही, मागे सरकला, तर बाबांनी त्याच्या खिशातच घातला.

मग मी बोललो. पाठ फिरवून, गाडीकडे तोंड करून, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्या दोघांना दाखवायचं नव्हतं. म्हटलं, "माझ्या कामाकडे नीट लक्ष दिलं असतंत तर ही वेळ आली नसती. मी मेलो असतो काल. तुम्हाला चाललं असतं का?"

वळून बघितलं तर बाबा केव्हाच आत निघून गेले होते. धाकटा तेवढा उभा होता, पांढरा पडलेला. "दादा," म्हणाला, "असं नको बोलूस." मी म्हटलं, तू तर बोलूच नकोस.

चार दिवस त्याच्याशी बोलणार नाही. बाबांशीही नाही. बघू कुणाला फरक पडतो.

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

कुठून सुरू करू कळत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी धाकटा नवीन बोल्ट आणायला गेला. मी वाट न बघता कामाला लागलो. गाडी पुढून ठोकळ्यांवर, ॲक्सलखाली जॅक, मी पाठीवर. सरकलेला ॲक्सल ढकलून जागेवर आणायचा होता. बाबा जॅकच्या दांड्याजवळ उभे होते, फाटकाकडे तोंड करून, माझ्यापासून हातभर. आम्ही चार दिवस बोललो नव्हतो.

ॲक्सल जागेवर आला आणि एकदम पाटा घसरला. त्याचं टोक माझ्या दोन्ही तळहातांवर आलं. सोडलं असतं तर छातीवर. जॅक अर्धा इंच खाली घेतला की पाटा आपोआप बसला असता. मी म्हटलं, बाबा, जॅक खाली घ्या. ते उभेच. मला वाटलं, अजून रागात आहेत. मी ओरडलो. ते फाटकाकडे बघतायत. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. बाबांनी शांतपणे खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

पायाने लाथ मारून मोठा पाना उडवला. फरशीवर असा आवाज झाला की घरातून ही ओरडली, काय पडलं? बाबा चष्मा पुसतायत.

माझे हात भरून आले होते. पाय ताणला आणि बुटाच्या टोकाने त्यांच्या चपलेला धक्का दिला.

त्याच क्षणी ते वळले. खाली वाकले. मी म्हटलं, जॅक, जॅक खाली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी जवळून, कपाळाला आठ्या घालून. मी पुन्हा ओरडलो. त्यांचे डोळे माझ्या मिशीवरून इकडून तिकडे फिरले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो कधी बघितला नव्हता. घाबरले होते. माझा बाप घाबरला होता.

हात मोकळे नव्हते. मी मान आणि डोळ्यांनी जॅककडे खूण केली, खाली, जरासं. ते दांड्याकडे गेले आणि मोजून अर्धा इंच खाली घेतला. पाटा बसला.

मी बराच वेळ तिथेच पडून राहिलो. लागलं म्हणून नाही. सगळं एकेक करून डोळ्यांसमोर येत होतं. पावाला लावायचं लोणी. बदललेली खुर्ची. पत्र्यावर टेकवलेले अनवाणी पाय. डाव्या हातात मी दिलेला टॉर्च. आणि त्यांनी आठ वेळा माझ्या तोंडाकडे बघणं.

धाकटा आल्यावर त्याला गाडीमागे नेलं. विचारलं, तुला कधी कळलं?

"आलो त्याच दिवशी," तो म्हणाला. "इंजिनखोलीत कुणालाच काही ऐकू येत नाही रे. चौदा वर्षं आम्ही ओठ बघून आणि खुणा करूनच बोललो. बाबा ओठ बघतायत हे दारातच लक्षात आलं. दातांतून अजून थोडं पोचतं त्यांना. कानांतून काहीच नाही. हातोड्याचा आवाज मी ऐकायचो, ते बोटाने बघायचे."

मी म्हटलं, मला का सांगितलं नाहीस. मी आठ वर्षं एका टेबलावर जेवतोय.

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, थोरला माझ्या कानांच्या भरवशावर गाडी रस्त्यावर काढतो. त्याला कळलं तर माझा शब्द तो पुन्हा मानणार नाही." मग म्हणाला, "माझ्याशी बोलतात कारण माझं तोंड दिसतं. तुझं त्यांना काहीच कळत नाही, दादा. नुसती मिशी हलताना दिसते. फार त्रास होतो त्यांना त्याचा. मला रोज विचारतात, आज थोरला काय म्हणाला?"

हे मी लिहिलं आहे, पण अजून नीट वाचवत नाही. रोज विचारतात.

ग्रीसच्या डब्याचं त्याला सांगून टाकलं. त्याला माहीत होतं. त्या रविवारी नट पुन्हा तपासावेत म्हणून सीटमागे हातोडा शोधताना त्याला तो डबा दिसला होता. मी विचारलं, मग नट पुन्हा का वाजवले नाहीस, तर म्हणाला, "बाबांनी एकट्यांनी पास केलं म्हणून तू इतका खूश होतास. मला वाटलं, आवाज तू ऐकून त्यांना मानेने सांगितलं असशील. मग मी हात लावला असता तर तुला काय वाटलं असतं?" म्हणजे ह्यातही मीच.

अजूनही थोडं पोटात दुखतंय. त्याला पहिल्या दिवशी कळलं, मला आठ वर्षांत नाही. हे दुखणं जाईलसं वाटत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हिची शिवणाची कात्री घेतली, मग वस्तरा. सत्तावीस वर्षांची मिशी पाच मिनिटांत बेसिनमध्ये. बाहेर आलो तर ही आधी किंचाळली, मग हसत सुटली, मग म्हणाली, वरचा ओठ किती पातळ आहे हो तुमचा, मला माहीतच नव्हतं. वारा लागला की गार वाटतं.

बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. मी दुसरी खुर्ची आणली आणि बरोबर समोर ठेवली. ते बघतच राहिले. हात पुढे करून माझ्या ओठावर अंगठा फिरवला, बोल्टवर फिरवतात तसा.

काय बोलायचं हे मी रात्रीपासून ठरवत होतो. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. नुसते ओठ हलले. "बाबा, त्या दिवशी चूक माझी होती. टॉर्च मी धरायला हवा होता."

"एवढं ओरडायला काय झालं?" बाबा म्हणाले. "कळतंय मला."

मग मी उठलो. धाकट्याकडून हातोडा मागवून घेतला. खाली बसलो. टॉर्च डाव्या हातात मी धरला, उजव्या हातात हातोडा मीच धरला. बाबांनी नटाच्या पलीकडे बोट टेकवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी वाजवला. टण्ण. मी म्हटलं, ठीक. त्यांनी बोटाकडे लक्ष देऊन मान हलवली, ठीक. आठही झाले. पाचव्याला मी ठीक म्हटलं आणि त्यांनी नाही म्हटलं. पाना लावला तर खरंच पाव फेरा फिरला. माझ्या कानांना तो ठीकच वाटला होता.

मग चक्कर मारायला गेलो. मी चालवत होतो. बाबा शेजारी, अनवाणी. गतिरोधक आला की मी आधी त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. खटका गेलेला आहे. त्यांनी ते पायाने ओळखलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलं बसवलंस."

धाकटा मागे हौद्यात बसला होता. आरशात दिसत होता, तोंड वाकडं करून काचेतून आत बघत होता. मी आणखी एक चक्कर मारली.